घटप्रभेकाठचं जुनं वीजघर

(दृश्य: उन्हाळ्यातली घटप्रभा, उघडे पडलेले खडक, दरीच्या तळाशी कौलारू वीजघर)

हिरण्यकेशीला पोटात घेऊन घटप्रभा गोकाकजवळ येते आणि 52 मीटर खाली कोसळते. तिथल्या पडत्या पाण्याच्या जोरावर 1887 साली सूतगिरणी सुरू झाली. याच खोऱ्यातलं हे छोटं वीजघर. पन्नास मीटर उंचीवरून सेकंदाला एक घनमीटर पाणी मिळालं, तर सगळी घट धरूनही सुमारे 400 किलोवॅट वीज हाती येते. एवढी ताकद भंगाराच्या भावात घालवायची नसते.

नदी आटल्यापासून मृग लागेपर्यंत, दुरुस्तीला एवढीच मुदत.

(दृश्य: पेनस्टॉक, वर चढलेला फिटर)

पेनस्टॉक म्हणजे वरून टर्बाइनपर्यंत पाणी आणणारा नळ. तो रिकामा करण्याआधी हवेची झडप तपासायची. ती गंजून अडकली असेल तर पाणी उतरताना आत निर्वात पोकळी होते आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने पोलादी नळ चेपतो. पत्र्याची जाडी मोजताना नळाचा बुडाकडचा भाग सोडायचा नाही. वाळू तिथूनच घासत जाते.

(दृश्य: चेनब्लॉकवर लटकणारा रनर, पात्यांचा क्लोजअप)

हा फ्रान्सिस टर्बाइनचा रनर, म्हणजे पाण्याच्या जोराने फिरणारं पात्यांचं चाक. पाणी सुटतं त्या कडेशी, पात्यांच्या पाठीवर बघा. स्पंजासारखे खड्डे. वाळूने घासलेला धातू गुळगुळीत होतो. इथे मात्र बोट फिरवलं तर खरचटेल. दाब फार उतरला की पाण्यात वाफेचे बुडबुडे धरतात आणि पात्याला लागून फुटताना धातूचे कण उपटून नेतात. हे कॅव्हिटेशन. कमी लोडवर मशीन तासन्‌तास चालवलं की ते बळावतं.

पोखरलेला धातू ग्राइंडरने चकचकीत भाग लागेपर्यंत काढायचा. मग 309 एल जातीच्या स्टेनलेसच्या वेल्डिंग रॉडने भरायचं, पण थोडं या पात्यावर, थोडं समोरच्या पात्यावर. एकाच पात्यावर सलग वेल्डिंग केलं तर ते तापून वाकतं, आणि कोन चुकला की त्याच पाण्यात वीज कमी मिळते. आकार पत्र्याच्या टेम्प्लेटवर जुळवायचा, तड्यांत झिरपणारा लाल रंग मारून तडे शोधायचे, शेवटी बॅलन्सिंग. घाई करणाऱ्याने या कामाला हात लावू नये.

(दृश्य: लेथवर बुश)

गाइड व्हेन म्हणजे रनरकडे जाणारं पाणी कमीजास्त करणाऱ्या, उघडमीट होणाऱ्या झापा. त्यांच्या दांड्या ज्यात फिरतात ते हे नवे बुश, बेळगावच्या उद्यमबागेत वळवलेले. जुने गनमेटलचे, ग्रीस मागणारे. नव्यांना ग्रीस लागत नाही, त्यामुळे ते नदीतही जात नाही. बुश झिजले की व्हेन नीट मिटत नाहीत. पाणी गळतं, बंद केलेलं मशीन रेंगाळत फिरत राहतं, बेअरिंगमधला तेलाचा थर तुटतो आणि आतलं मऊ धातूचं अस्तर, व्हाइट मेटल, घासलं जातं. मग शाफ्टला निळ्या रंगाचा पातळ हात द्यायचा, फिरवायचा, आणि बेअरिंगवर निळे डाग उमटतील तेवढंच खरवडायचं.

नवं मशीन आणा, असं सुचवणारे भेटतात. त्यासाठी जुनं फाउंडेशन फोडावं लागतं, आणि या घाटवळणांवर अवजड ट्रेलर वळत नाही. केसिंग आणि शाफ्ट शाबूत आहेत. झिजलं तेवढंच बदलावं, आणि ते बदलणारे हात याच जिल्ह्यात आहेत.

(दृश्य: मेगरची सुई)

दरीतल्या वीजघरात जनित्राच्या वाइंडिंगचा, म्हणजे तारांच्या वेटोळ्यांचा, खरा शत्रू ओल. त्यांचं इन्सुलेशन मेगर या उपकरणाने मोजतात. मेगरचं वाचन पहिल्या मिनिटाला आणि दहाव्या मिनिटाला घ्यायचं. दुसरा आकडा पहिल्याच्या दुप्पट तरी हवा. नसेल तर आधी वाइंडिंग वाळवायचं आणि पुन्हा मोजायचं.

(दृश्य: जुना गव्हर्नर उतरवताना)

गव्हर्नर मशीनचा वेग सांभाळतो. फिरत्या गोळ्यांच्या गव्हर्नरच्या जागी डिजिटल आला. ऑपरेटर कमी लागतात. काहींची बदली झाली.

(दृश्य: पेनस्टॉक भरताना, कंट्रोल पॅनेल)

आता चाचणी. बारा पोलांचं जनित्र ग्रिडला जुळतं ते मिनिटाला 500 फेऱ्यांवर. आधी लोड न देता फिरवतात, बेअरिंगचं तापमान चढायचं थांबेपर्यंत. मग लोड टप्प्याटप्प्याने वाढवून प्रत्येक टप्प्यावर ब्रेकर मुद्दाम उघडतात, म्हणजे जनित्र ग्रिडपासून तोडतात. व्हेन फार झटकन मिटल्या तर पेनस्टॉकला पाण्याचा दणका बसतो. फार सावकाश मिटल्या तर मशीन बेफाम पळतं. मिटण्याचा वेळ या दोन्हींच्या मधे बसवला, की मशीन पाळीवरच्या माणसांच्या ताब्यात देतात.