आजी आधी चोखोबांपाशी थांबायची

नमस्कार मंडळी,

आपल्या मंडळाच्या कमिटीनं विषय दिलाय धर्म, मानवी हक्क आणि राजकारण, पण मी सोलापूरचा, मला हे सगळं पंढरपुरातच आठवतं. लहानपणी आजीबरोबर एसटीनं जायचो, ती नामदेव पायरीला पाय लागू द्यायची नाही आणि दर्शनाच्या आधी समोरच्या चोखोबांच्या समाधीवर डोकं टेकायची, म्हणायची, ह्यांना आत घेतलं नव्हतं रे बाळा. चोखोबा गेले मंगळवेढ्यात, गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून. अन् देवळाचं दार सगळ्यांना उघडायला १९४७ चा मे महिना उजाडावा लागला, साने गुरुजी दहा दिवस उपाशी बसले तेव्हा.

आता बघा, दार बंद ठेवणारे धर्माचंच नाव घेत होते आणि ते उघडा म्हणणारे गुरुजीही देवाचंच नाव घेत होते. म्हणून धर्म हक्कांच्या बाजूनं की विरुद्ध, हा प्रश्न मला अर्धवट वाटतो, धर्माच्या नावानं बाहेर कोणाला ठेवलंय ते आधी बघावं. नुसत्या भक्तीवर भागलं नाही हेही खरंच, शेवटी घटनेत कलम १७ लिहून अस्पृश्यता बंद करावी लागली.

आणि आपण इथे परदेशात काय करतो? गणपतीसाठी हॉल मागतो, ढोल-ताशाची परवानगी मागतो, पोरांना दिवाळीची सुट्टी मागतो. इथे आपण मूठभर, तरी हक्कानं मागतो, कारण १० डिसेंबर १९४८ च्या, संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं कलम १८ प्रत्येकाला आपला धर्म पाळायचं, अगदी बदलायचंसुद्धा स्वातंत्र्य देतं. मग गावाकडचा एखादा फॉरवर्ड येतो, अमक्या लोकांना हाकला म्हणून, मतांसाठीच बनवलेला असतो तो, आणि आपल्यातलेच लोक तो विचार न करता पुढे ढकलतात, ह्याचं मला फार वाईट वाटतं. जे इथे आपल्याला पाहिजे ते तिथे शेजाऱ्याला नको, हे कसं चालेल?

हिंदू-मुसलमान शेजारी कसे एकत्र उभे राहतात ते सोलापुरानं दाखवलंय. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात आपल्या सोलापूरचे चौघं फासावर गेले, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल लावला, त्यानंतरची गोष्ट. चार हुतात्मा चौकातून रोज जा-ये करणाऱ्यांना ही नावं एका दमात पाठ असतात.

संक्रांतीच्या दोनच दिवस आधी येते ही तारीख. तर कमिटीला माझी विनंती आहे, यंदा तिळगुळाच्या कार्यक्रमात ह्या चौघांचे फोटो एकाच टेबलावर मांडू, फ्रेम मी करून आणतो.