बातमीतला ‘दावा’ आणि स्वॉन्झीतला गोवर

मराठी वर्तमानपत्रात संशोधनाची बातमी आली की मथळ्याच्या शेवटी एक शब्द बहुधा असतोच : दावा. ‘शास्त्रज्ञांचा दावा’, ‘नव्या संशोधनातून दावा’, ‘डॉक्टरांचा दावा’. मी काही वर्षे एका दैनिकात रात्रपाळीला उपसंपादक होतो आणि हा शब्द मी स्वतः असंख्य वेळा वापरला आहे, कारण तो मथळ्यात नेमका बसतो आणि विधानाची जबाबदारी परस्पर दुसऱ्यावर जाते. परंतु हा शब्द मुळात कोर्टकचेरीचा आहे. दावा म्हटला की समोर प्रतिवादी आला, दोन्हीकडचे वकील आले, आणि निकाल लागेपर्यंत दोन्ही बाजूंना सारखेच मानायचे हा संकेतही आला. एका डॉक्टरने 12 मुलांवरून व्यक्त केलेली शंका आणि 5 लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींवरून निघालेला निष्कर्ष या दोहोंना आपण हाच एक शब्द लावतो. मग वाचकाला दोन्ही सारख्याच वजनाचे वाटले, तर त्याला बोल कसा लावायचा? हे आकडे मी कल्पनेने घेतलेले नाहीत. ते खरे आहेत, आणि आज त्यांच्याविषयीच बोलायचे आहे.

26 फेब्रुवारी 1998 रोजी लंडनमधील रॉयल फ्री हॉस्पिटलने पत्रकार परिषद बोलावली. ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अँड्र्यू वेकफिल्ड आणि त्यांच्या 12 सहलेखकांचा निबंध दोन दिवसांनी प्रसिद्ध व्हायचा होता. विषय होता 12 मुलांच्या आतड्यांचे विकार आणि त्यांच्या वर्तनात झालेले, स्वमग्नतेसारखे बदल. यांपैकी काही मुलांच्या पालकांनी या बदलांचा संबंध गोवर, गालगुंड आणि रुबेला यांवरच्या एकत्रित लसीशी, म्हणजे एमएमआरशी जोडला होता. असा संबंध आम्ही सिद्ध केलेला नाही, हे खुद्द निबंधातच स्पष्ट लिहिलेले होते. पत्रकार परिषदेत मात्र वेकफिल्ड यांनी निबंधाच्या पुढे जाऊन, तिन्ही लसी एकत्र न देता वेगवेगळ्या द्याव्यात असा सल्ला दिला. त्याच मंचावर बसलेल्या त्यांच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांचे मत वेगळे होते, आणि तेही त्यांनी तिथेच सांगितले. म्हणजे एकाच टेबलावर एक सावध निबंध होता, एक बेधडक सल्ला होता आणि त्या सल्ल्याला असलेला विरोधही होता. लोकांच्या लक्षात राहिला तो सल्ला.

असे का होते हे मी रात्रपाळीत जवळून पाहिले आहे. एजन्सीकडून आलेली बातमी उतरत्या महत्त्वाने लिहिलेली असते : सर्वांत ठळक गोष्ट वर आणि बाकीचा तपशील क्रमाने खाली. साडेअकराला पान सोडायचे असते, अकरा वाजता एखादी जाहिरात येते आणि दोन कॉलमांची बातमी एका कॉलमात बसवावी लागते. अशा वेळी उपसंपादक बातमी खालून कापतो, आणि अन्य बातम्यांच्या बाबतीत ते बरोबरही असते. संशोधनाच्या बातमीत मात्र शेवटच्या परिच्छेदात काय असते ते पाहा. किती जणांवर प्रयोग झाला, तुलनेसाठी दुसरा गट होता की नव्हता, पैसा कोणी दिला, संशोधकांनी स्वतः कोणत्या मर्यादा मान्य केल्या, हे सगळे तळाशीच असते. कात्री चालते ती नेमकी तिथे, आणि उरलेल्या बातमीत एकही शब्द खोटा नसतो. मी अशा किती ओळी कापल्या याची मोजदाद माझ्याकडे नाही, याचे मला आज वाईट वाटते.

आता वेल्समधील स्वॉन्झी शहराकडे येऊ. वेकफिल्ड यांचा निबंध येण्याच्या काही महिने आधी, 1997 च्या उन्हाळ्यातच, तिथल्या ‘साउथ वेल्स ईव्हनिंग पोस्ट’ या सायंदैनिकाने एमएमआरविषयी मोहीम सुरू केली होती. लसीमुळे आपल्या मुलांना इजा झाली असे मानणाऱ्या स्थानिक पालकांच्या हकिकती त्यात येत होत्या. ते पालक खोटे बोलत नव्हते, हे मी आग्रहाने सांगतो. ही लस साधारण वर्षाच्या पुढे देतात, आणि बोलायला लागलेले मूल अचानक गप्प झाले, नजर देईनासे झाले, हे आईबापांच्या ध्यानात येते तेही याच वयाच्या आसपास. शिवाय दहातल्या नऊ मुलांनी लस घेतलेली असेल, तर स्वमग्न मुलांमध्येही दहातली नऊ लस घेतलेलीच निघणार. प्रत्येक आईचा अनुभव खरा असतो. कारण शोधण्यासाठी मात्र लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांची तुलना करावी लागते, आणि ती कोणत्याही एका घरात बसून करता येत नाही.

या मोहिमेचा परिणाम पुढे दोन संशोधकांनी तपासला. 1997 च्या जुलैपासून 1998 च्या सप्टेंबरपर्यंतच्या काळात या दैनिकाच्या वितरणक्षेत्रात एमएमआर घेण्याचे प्रमाण 13.6 टक्क्यांनी घसरले होते, तर उर्वरित वेल्समध्ये ते 2.4 टक्क्यांनीच घसरले होते. अशा तुलनेतून कार्यकारणभाव निर्विवाद ठरत नाही, हे मी इथेही सांगितले पाहिजे; पण एका वर्तमानपत्राच्या सीमारेषेवर लसीकरणाचा आलेख इतका बदलावा, याचे याहून सयुक्तिक स्पष्टीकरण मला दिसत नाही.

वादाला खरा भर आला तो 2001 च्या अखेरीपासून. पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी आपल्या तान्ह्या मुलाला, लिओला, लस दिली की नाही हे सांगायचे नाकारले आणि विषय आरोग्याच्या वार्ताहरांकडून राजकीय वार्ताहरांकडे आणि स्तंभलेखकांकडे गेला. 2002 मधील बातम्यांमध्ये वेकफिल्डपेक्षा लिओचा उल्लेख अधिक वेळा आला. त्याच वर्षाच्या वार्तांकनाचा कार्डिफ विद्यापीठाच्या अभ्यासकांनी तपास केला, लोकांनाही प्रश्न विचारले. 53 टक्के लोकांनी असे गृहीत धरले होते की ज्या अर्थी दोन्ही बाजूंना सारखी जागा मिळते, त्या अर्थी दोन्हींकडे सारखाच पुरावा असणार. पुराव्याचा मोठा भाग लसीच्या बाजूने आहे, हे फक्त 23 टक्क्यांना ठाऊक होते. त्याच 2002 साली डेन्मार्कमधील 5,37,303 मुलांच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध झाला होता. लस न घेतलेल्या मुलांच्या तुलनेत लस घेतलेल्या मुलांमध्ये स्वमग्नतेचे प्रमाण त्यात वाढलेले आढळले नाही. ‘काही आढळले नाही’ याचा मथळा करणे किती अवघड, हे मला चांगले माहीत आहे. तरीही तो करायला हवा होता.

याच ठिकाणी वृत्तपत्रांना नावे ठेवून थांबणे मात्र मला अन्यायाचे वाटते, कारण या प्रकरणाचा छडा लावला तोही एका पत्रकाराने. ‘संडे टाइम्स’साठी काम करणारे ब्रायन डिअर यांनी 2004 च्या फेब्रुवारीत उघड केले की लसउत्पादकांविरुद्ध खटला भरू पाहणाऱ्या पालकांच्या वकिलामार्फत वेकफिल्ड यांना पैसा मिळत होता आणि तो त्यांनी जाहीर केला नव्हता. म्हणजे या संशोधनामागे शब्दशः एक दावा उभा होता. पुढच्याच महिन्यात 10 सहलेखकांनी, निबंधातून लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा जो अर्थ काढला गेला होता, त्यापासून अंग काढून घेतले. 2010 मध्ये ‘लॅन्सेट’ने निबंध मागे घेतला आणि वेकफिल्ड यांचे नाव ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदवहीतून कमी झाले. डिअर यांनी मुलांच्या नोंदी आणि निबंधातली वर्णने समोरासमोर ठेवून विसंगती दाखवल्या. असे काम करायला वर्षे लागतात, आणि वर्तमानपत्राने तेवढा वेळ व पगार देण्याची तयारी ठेवावी लागते.

लोकांच्या मनातून भीती मात्र निबंधाइतक्या सहज मागे घेता आली नाही. गोवर रोखायला 95 टक्के मुलांचे लसीकरण लागते; इंग्लंडमध्ये 2003-04 मध्ये दोन वर्षांच्या मुलांतले एमएमआरचे प्रमाण 80 टक्क्यांवर आले होते. 2012 च्या नोव्हेंबरात स्वॉन्झी परिसरात गोवराची साथ सुरू झाली. ती पुढच्या जुलैपर्यंत चालली आणि तिच्यात सुमारे 1,200 रुग्णांची नोंद झाली. एका तरुणाचा मृत्यू झाला. एप्रिलमध्ये तिथल्या रुग्णालयांनी शनिवारी आयत्या वेळी येणाऱ्यांना लस द्यायला सुरुवात केली, तेव्हा दारापासून लांबवर रांगा लागल्या. त्या रांगांत आईबापांच्या खांद्याला लागलेली मुले होती. 1997 च्या उन्हाळ्यात ज्यांचा पहिला डोस चुकला, ती मुले आता सोळा-सतरा वर्षांची झाली होती.