दोन चौकटी आणि खाली द्राक्षबाग

(इस्त्री, पांढरं कापड, अगदी जवळून)

ही इस्त्री घरातलीच, पण काकू आता तिला हात लावत नाहीत. बुडाला थर्मामीटरची वायर चिकटवलीय, आणि बटणावर जिथे कॉटन, सिल्क असं लिहिलेलं असतं तिथे काकांनी पांढऱ्या रंगाने तीन रेघा मारल्यात. पहिली रेघ १२० डिग्री, शेवटची १७५. पॉलिएस्टरचं कापड विमानाच्या पंखाच्या सांगाड्यावर आधी चिकटवायचं, थोडं सैल, थोडं सुरकुतलेलं राहिलं तरी चालतं, मग पहिल्या रेघेवर इस्त्री फिरवायची, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, आणि प्रत्येक वेळी ते कापड स्वतःहून आक्रसत जातं. शेवटच्या रेघेच्या फार पुढे गेलात तर कापडाची ओढच संपते, मग अख्खं फाडून नव्याने चिकटवा. एकदा झालंय, तो तुकडा आता बाहेर ट्रॅक्टरच्या सीटवर आहे.

(काका बोटाने टिचकी मारतात)

आवाज ऐका. नाशिकचा माणूस याला काय म्हणणार ते तुम्हाला माहितीये, ढोल चढला.

(ड्रोन, दिंडोरीकडच्या बागा)

हे शेड द्राक्षं पॅक करायचं आहे. फेब्रुवारी ते एप्रिल इथे पाय ठेवायला जागा नसते, बाकीचे महिने शेड काकांचं. काका पूर्वी ओझरला, जिथे १९६४ पासून विमानांचा कारखाना आहे, मिग झाली, मग सुखोई झाली, तिथे रिवेट मारायचे. रिटायर झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात, यांनी दोन सीटच्या अल्ट्रालाइटचं, म्हणजे अगदी हलक्या छोट्या विमानाचं, किट मागवलं. कंटेनर आला तेव्हाचं शूटिंग माझ्याकडे नाही, मी मालेगावला लग्नात होतो, त्यामुळे ते सोडून देऊ.

किट म्हणजे विमान नाही हे आधी सांगतो, कारण सगळे विचारतात की मग तुम्ही फक्त नट-बोल्टच आवळले ना. अॅल्युमिनियमचे पाइप, पत्रे, बरगड्या, कापडाचे गठ्ठे, आणि एक फॉर्म. फॉर्मवर दोन चौकटी. इंजिन कुठलं, पंख कुठला. या दोन चौकटी भरायला काकांना चौदा महिने लागले आणि माझा हा व्हिडिओ खरं तर त्या चौदा महिन्यांचाच आहे.

(भिंत, खडूने केलेला हिशोब)

इंजिनासाठी दोन नावं होती, दोन्ही ऑस्ट्रियाच्या रोटॅक्सची. एक ५८२, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, पाण्याने थंड होणारं, ६४ हॉर्सपॉवर. दुसरं ९१२, फोर-स्ट्रोक, चार सिलिंडर आडवे समोरासमोर, ८० हॉर्सपॉवर. गावातल्या लोकांनी तिसरं नाव पण सुचवलं होतं, मारुती ८००. कुणी हसू नका, लोक मनापासून सांगतात. पण ते ७९६ सीसीचं इंजिन चाळिशीच्या आत पॉवर देतं, आणि गाडीत आपण ते सलग पाऊण ताकदीने कधी चालवतो? विमानात तासन्तास तेच करायचं असतं.

टू-स्ट्रोक काकांच्या पुतण्याला आवडलं होतं. त्याच्याकडे फवारणीचा पंप आहे, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, दोरी ओढायची, चालू. तो म्हणाला, "काका, सोपं आहे, हलकं आहे, स्वस्त आहे, घ्या की." तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. रेडिएटर, सायलेन्सर सगळं धरून ५८२ हे ९१२ पेक्षा वीसेक किलोने हलकं पडतं, आणि अल्ट्रालाइटमध्ये वीस किलो म्हणजे खूपच.

मग काकांनी त्याला ड्रोनचा हाच शॉट दाखवला.

(ड्रोन पुन्हा, खाली येत येत, तारा दिसेपर्यंत)

वरून हिरवी गादी वाटते. खाली या. लोखंडी अँगल, अँगलवर ताणलेल्या तारा, तारांवर वेली, मधे ट्रॅक्टर जाईल एवढी वाट. इंजिन बंद पडलं तर उतरायला शेत लागतं, आणि इथे मैलोन्मैल शेतच नाही, बाग आहे. काका म्हणाले, "अरे, पंप बंद पडला तर तू खाली बसून प्लग काढतोस, मी काय काढू?"

आता हे रोटॅक्सवाले पण लपवत नाहीत, त्यांच्याच मॅन्युअलमध्ये ठळक लिहिलेलं असतं की हे इंजिन अचानक बंद पडू शकतं, ते धरूनच उडा. ५८२ चं ओव्हरहॉल, म्हणजे अख्खं खोलून नव्याने बांधणं, ३०० तासांना, ९१२ चं २००० तासांना. टू-स्ट्रोकमध्ये वंगण पेट्रोलबरोबरच येतं, गार इंजिनाला घाईने पूर्ण ताकद दिली की पिस्टन आधी फुगतो, सिलिंडर मागे राहतो, आणि पिस्टन जॅम. नीट सांभाळलं तर लोक शेकडो तास उडतात त्याच्यावर, मी काही ५८२ ची बदनामी करत नाहीये, पण कॅमेरा ज्या बाजूला उभा आहे ती बाजू ९१२ ची आहे हे मान्य.

दुसरं कारण भिंतीवर लिहिलंय, डावीकडे, अर्धं पुसलेलं. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण दोन हजार फुटांवर. मे महिन्यात दुपारी ४० डिग्री तापमान. विमानाचे आकडे ज्या प्रमाण हवेवर काढतात तिच्यात त्या उंचीला तापमान ११ डिग्री, म्हणजे आपल्याकडे २९ जास्त, आणि प्रत्येक जास्तीच्या डिग्रीला उंचीत १२० फूट धरायचे. गुणाकार करून बेरीज केली की विमानाच्या दृष्टीने तुम्ही साडेपाच हजार फुटांवर उभे आहात, चाकं अजून शेडमध्येच आहेत तरी. हवा विरळ, हजार फुटांमागे तीन टक्क्यांच्या आसपास पॉवर जाते, ६४ चे ५४ उरतात, ८० चे ६७. कंपनीच्या कागदावरचं ५८२ आणि दिंडोरीतलं ५८२ ही दोन वेगळी इंजिनं आहेत.

(गिअरबॉक्स, प्रोपेलर)

हा भाग मला सगळ्यात आवडतो म्हणून जरा लांबवलाय. इंजिन ५८०० आरपीएमने फिरतं, प्रोपेलर तेवढ्याने फिरवला तर १.७ मीटरच्या पात्याचं टोक सेकंदाला पाचशे मीटरच्या वर जाईल, आवाजाच्या वेगाच्या दीडपट, मग नुसता कर्कश आवाज आणि ओढ काही नाही. म्हणून मधे गिअरबॉक्स, इंजिनाच्या २.२७ फेऱ्यांना प्रोपेलरची एक, टोक २२७ मीटरवर येतं. तीन पाती, कार्बनची, प्रत्येकाचा कोन सारखा लागतो. काका कोनमापक लावतात, पाव डिग्री फिरवतात, चष्मा कपाळावर नेतात, परत खाली आणतात. हे त्या दिवशी दीड तास चाललं, मी चाळीस सेकंद ठेवलंय.

(पंख, दोन जणांनी उचललेला)

आता पंख. किटवाल्यांकडे दोन होते. छोटा, साडेअकरा चौरस मीटर. लांब, साडेचौदा. विमानाचं कमाल वजन ४५० किलो ठरलेलं. भागाकार केला तर छोट्या पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर ३९ किलो, लांबच्यावर ३१. छोटा पंख वेगवान, झटक्यांना दाद देत नाही, ट्रेलरवर नेताना वाटेतल्या बाभळीला लागत नाही. लांब पंख हळू उडतो आणि दुपारी जमीन तापली की पतंगासारखा हलतो. पुतण्याचं मत पुन्हा उलट, मुंबई कशी पटकन गाठायची वगैरे. "काका, लांब पंख म्हणजे बैलगाडी होईल."

काकांचा हिशोब एकाच ओळीचा. लांब पंख ताशी ६२ किलोमीटरच्या स्पीडला हवा सोडतो, म्हणजे त्याखाली तो विमान पेलत नाही, छोटा ७० ला. आठचाच फरक वाटतो, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे उतरताना ब्रेकला आणि नशिबाला जिरवायला सव्वापट जास्त. आणि मेमधल्या त्याच विरळ हवेत काटा ६२ दाखवत असला तरी जमिनीला चाकं ६७ ने लागणार, छोट्या पंखाची ७६ ने. बागेतल्या ट्रॅक्टरच्या वाटेवर, किंवा नदीकाठच्या एखाद्या पट्टीवर उतरायची वेळ आली तर कुठला आकडा हवाय? दोन्ही चौकटी एकाच कारणाने भरल्या गेल्या, आणि ते कारण ड्रोनमध्ये दिसलंच. दुपारच्या हलण्यावर काकांचं उत्तर, दुपारी उडायचंच नाही.

(तीन वजनकाटे)

द्राक्षाच्या क्रेट मोजायचे तीन इलेक्ट्रॉनिक काटे, तीन चाकांखाली. नाक ६८, डावं १०४, उजवं १०२. डाव्या-उजव्यात दोन किलोंचा फरक कशाचा म्हणून अर्धा तास डोकं लावलं, शेवटी डाव्या सीटखाली पान्यांचा डबा निघाला. रिकामं विमान २७२ किलो. ४५० मधून वजा केलं की १७८, त्यात ७५-७५ ची दोन माणसं, उरले २८ किलो, म्हणजे ३८ लिटर पेट्रोल. ९१२ तासाला पंधराएक लिटर घेतं, अडीच तास, वर राखीव काहीच नाही. ५८२ असतं तर ते एकोणीस-वीस लिटर प्यायलं असतं, पण ते वजनातले वीस किलो मोकळे झाले असते, दोघं बसून जास्त वेळ उडता आलं असतं. पुतण्या हे आकडे बघून माझ्या कॅमेऱ्याकडे बघतो, ते मुद्दाम कापलेलं नाही. काका म्हणाले, "दुसऱ्या सीटवर बसणार कोण, तुझी काकू?" बॅटरी मात्र सीटच्या मागे न्यावी लागली, नाक जड झालं होतं.

बाकीचं पटकन. डीजीसीएची, म्हणजे विमानांना परवानगी देणाऱ्या सरकारी खात्याची, कागदपत्रं चालू आहेत, व्हीटीने सुरू होणारा विमानाचा नंबर अजून नाही. एकीकडे ओझरचा विमानतळ, एकीकडे नाशिकच्याच गांधीनगरचा लष्करी विमानतळ, तिकडे देवळालीची फायरिंग रेंज, त्यामुळे उडायचं कुठे हे परवानगीवर आहे. रोटॅक्सच्या कागदात पेट्रोलमधलं इथेनॉल दहा टक्क्यांपर्यंत चालतं असं आहे, आपल्या पंपावर वीस. पैशासाठी रस्त्याकडचा पाऊण एकर विकला, त्यावर काकू बोलल्या नाहीत आणि मी विचारलं नाही.

(संध्याकाळ, शेडचं दार उघडं, प्रोपेलर)

चालू करण्याआधी रोज एक काम असतं. ९१२ चं ऑइल इंजिनाखाली नाही, वेगळ्या टाकीत राहतं, म्हणून स्विच बंद आहेत ना हे दोनदा बघून प्रोपेलर हाताने फिरवायचा, सावकाश, ऑइल परत टाकीत ढकललं जाईपर्यंत. मग डिपस्टिक. झालं की टाकीतून आवाज येतो. रेकॉर्डर मी टाकीच्या तोंडाशी धरलाय.

(काका पातं ओढतात. एक. दोन. सात. आठ. टाकीतून गुडगुड.)

"आलं," काका म्हणतात, आणि पुतण्या डिपस्टिक पुसायला फडकं शोधतो.