आभारप्रदर्शनाच्या पुढं

मैत्रिणींनो आणि मित्रांनो,

कुठल्याही कार्यक्रमाची पत्रिका हातात घ्या आणि कोणाच्या वाट्याला काय आलंय ते बघा. स्वागतगीत, सूत्रसंचालन, आभार या ओळींत बायकांची नावं असतात. विषयाची मांडणी करणाऱ्यांत ती क्वचितच दिसतात. दलित, भटक्या-विमुक्त किंवा मुस्लिम अभ्यासकाला बोलावतात ते बहुतेक जयंतीला. पाणी, सहकार, शेतीकर्ज, शहरनियोजन या विषयांवर बोलायला त्याच अभ्यासकाला कोणी फोन करत नाही. या रचनेत आपली जागा कशी तयार करायची आणि तयार झाल्यावर ती कशी राखायची, एवढंच आज बोलायचं आहे.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. आत्मविश्वासाच्या शिबिरांत ताठ उभं राहायला, समोरच्याच्या नजरेला नजर द्यायला शिकवतात. त्याचा उपयोग थोडा होतो, पण तो फार काळ पुरत नाही. सभागृहात दुसऱ्या कोणाकडंच नसलेली माहिती तुमच्या वहीत असेल, तर आवाज कापला तरी लोक कान देतात, आणि दोन-तीनदा असं झालं की आवाज आपोआप स्थिर होतो. म्हणून आधी वही. धीर तिच्या मागून येतो.

‘मला काही येत नाही, मी चुकून इथवर आले’ ही भावना तुमच्या एकटीची नाही. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये कर्तबगार स्त्रियांमध्ये तिची नोंद केली होती. तिचं सगळं खापर आपल्याच मनावर फोडू नका. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रोझाबेथ कँटर यांनी १९७७ मध्ये दाखवलं, की गटात एखाद्या समूहाची माणसं साधारण १५ टक्क्यांच्या आत असतील तर त्यांच्यावर सगळ्यांच्या नजरा खिळतात आणि त्यांच्याकडं त्यांच्या समूहाचा नमुना म्हणून पाहिलं जातं. बैठकीत दहा पुरुष आणि एक बाई असेल तर पुरुषाची चूक त्याची एकट्याची ठरते, बाईची चूक बायकांची ठरते. हे दडपण खरं आहे आणि ते बाहेरून येतं. त्यावरचा पहिला उपाय अगदी व्यवहारी आहे: एकटं जायचं नाही. बोलावणं आलं की ‘सोबत एक सहकारी येईल’ असं तेव्हाच सांगायचं.

आता वहीकडं येऊ. विषय अरुंद हवा. ‘महिलांचे प्रश्न’, ‘पर्यावरण’, ‘वंचितांचं शिक्षण’ हे विषय इतके पसरट आहेत की त्यांवर बोलणारे आधीच शेकड्यांनी आहेत. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. हे आकडे सगळ्यांना पाठ आहेत. पण एखाद्या सखल वस्तीचा रस्ता बंद होतो तो किती फुटांना? ३९ च्या आधी की नंतर? तिथून जनावरं कुठं हलवतात, गरोदर बाईला दवाखान्यात न्यायचं तर कुठल्या वाटेनं, रेशनचं धान्य कोणत्या घरांत आधी भिजतं, हे त्या वस्तीतल्या माणसाला माहीत असतं. मात्र ते कागदावर नसतं. ते ज्या दिवशी कागदावर येतं, त्या दिवसापासून त्या विषयात तुमच्यापेक्षा जास्त जाणणारं माणूस जिल्ह्यात उरत नाही.

नोंद कशी ठेवायची? साधी दोनशे पानी वही घ्या. पानावर पाच रकाने आखा: तारीख आणि वेळ, त्या वेळची बंधाऱ्यावरची पातळी, काय घडलं, किती घरं किंवा किती माणसं, आणि ही माहिती कुठून मिळाली. पाचवा रकाना बहुतेक जण गाळतात आणि पुढं तिथंच अडकतात. त्यात तीनच शब्दांपैकी एक लिहायचा: पाहिलं, ऐकलं किंवा कागद. ‘ऐकलं’ असेल त्याच्यावर भाषणात भर द्यायचा नाही. ‘कागद’ असेल तर त्याची प्रत ठेवायची. सरकारी कागद मिळत नसेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत सर्वसाधारणपणे ३० दिवस. अर्जात ‘का केलं नाही’ असं विचारू नका, अशा प्रश्नाला ‘माहिती उपलब्ध नाही’ एवढंच उत्तर येतं. ‘अमुक तारखेच्या पंचनाम्याची प्रत द्या’ असं मागा. दोन-तीन पावसाळ्यांच्या नोंदी झाल्या की कोष्टक तयार होतं, आणि कोष्टकाशी आवाज चढवून वाद घालता येत नाही.

स्वतःची ओळख कशी करून द्यावी, यासाठी महात्मा फुल्यांचं १८८२ मधलं हंटर आयोगापुढचं, म्हणजे इंग्रज सरकारच्या शिक्षण आयोगापुढचं, निवेदन अभ्यासण्यासारखं आहे. शिक्षणातला आपला अनुभव मुख्यतः पुणे आणि आसपासच्या गावांपुरता आहे, असं ते आरंभीच सांगतात. मग कुठल्या शाळा काढल्या, काय काम केलं, ते मांडतात. सहीखाली व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी ओळख देतात. आणि एवढी मर्यादा आखून घेतल्यावर मागणी मात्र मोठी करतात: किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. क्षेत्र मर्यादित, काम नेमकं, मागणी धीट. आपल्याकडं होतं ते उलट. ओळखीत ‘सामाजिक कार्यकर्ती, कवयित्री, समुपदेशक, निवेदिका’ अशी माळ असते आणि शेवटी मागणी असते ‘शासनानं लक्ष द्यावं’. तुमच्या ओळखीत दोन ओळी पुरेत: कुठलं क्षेत्र आणि किती वर्षांच्या नोंदी. सूत्रसंचालकाच्या हातात त्या दोन ओळी लिहूनच द्या, नाहीतर ते तुमची ओळख तुमच्या नवऱ्यापासून किंवा तुमच्या समाजापासून सुरू करतील.

लेखनाबद्दल थोडं. वर्तमानपत्राच्या वाचकपत्रासाठी दीडशे ते दोनशे शब्द, लेखासाठी सहाशे ते आठशे. एका लेखात एकच म्हणणं. पहिल्या परिच्छेदात ताजी घटना आणि तुमचा आकडा यायलाच हवा. इतिहास, थोरांची वचनं, कवितेच्या ओळी यांनी सुरुवात केलेला लेख उपसंपादक दुसऱ्या परिच्छेदापर्यंत वाचत नाही. वेळ साधणं फार महत्त्वाचं. पुरावरचा लेख ऑगस्टमध्ये पाणी चढल्यावर पाठवला तर तो बातम्यांच्या गर्दीत बुडतो. मेच्या शेवटी, पूर्वतयारीच्या बैठका सुरू असताना पाठवला तर तोच लेख अधिकाऱ्याच्या टेबलावर जातो.

कधी कधी बातमीच दारात येते. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाच्या सँडल दिसल्या आणि कोल्हापुरी चपलेची चर्चा जगभर झाली. चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं होतं, ते महाराष्ट्र आणि कर्नाटक मिळून आठ जिल्ह्यांचं आहे. अशा वेळी पत्रकाराला दोन तासांत कोणीतरी बोलणारं हवं असतं आणि ज्याचा नंबर त्याच्याजवळ असतो त्यालाच तो फोन लावतो. म्हणून चपलेची वेणी घालणाऱ्या बाईनं तीन वाक्यं आधीच तयार ठेवायला हवीत: एका जोडाला किती वेळ लागतो, त्याचे हातात किती रुपये पडतात, आणि काय बदलायला हवं. तीन वाक्यं, त्यांत दोन आकडे. बातमी नसताना स्थानिक वार्ताहराशी ओळख करून ठेवायची ती यासाठीच.

भाषणाचा हिशेब सोपा आहे. मराठीत सभेत मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द नीट ऐकू जातात. दहा मिनिटं मिळाली तर हजार शब्दांपेक्षा जास्त लिहू नका, कारण सत्कार लांबले की तुमच्या दहाची सहा होतात. त्या सहांत काय ठेवायचं आणि काय गाळायचं ते घरीच ठरवून, गाळायच्या भागाला पेन्सिलीनं कंस करा. पहिली आणि शेवटची दोन वाक्यं पाठ असू द्या, मधलं मुद्द्यांवर बोला. सराव मनात करू नका, मोठ्यानं करा, तोही उभं राहून. अडखळता तिथलं वाक्य दुरुस्त करा; ते बहुधा लांब तरी असतं किंवा उसनं तरी. ध्वनिक्षेपक तोंडापासून साधारण वीतभर ठेवा. घसा कोरडा पडला तर थांबून पाणी प्या. तुम्हाला ते थांबणं फार लांबलंय असं वाटतं, ऐकणाऱ्याला ते जाणवतसुद्धा नाही. आणि ‘मला बोलता येत नाही, चुकलं तर सांभाळून घ्या’ हे वाक्य कायमचं सोडा. लोक त्यानंतर चुकाच शोधत बसतात.

भाषेबद्दल मला आग्रहानं सांगायचंय. प्रमाण मराठी बोलायच्या नादात कैक जणी आपलं नेमकेपण गमावतात. शेतातला, मागावरचा, चपलेच्या कामातला शब्द आहे तसा वापरा, हवं तर एका वाक्यात उलगडून सांगा. कोल्हापुरी हेल लपवायचं कारण नाही. जपायचं ते इतकंच, की वाक्य पूर्ण व्हावं आणि आकडा स्पष्ट ऐकू जावा.

आता ज्या प्रश्नाची तयारी कोणी करून देत नाही, तो. कार्यक्रम संपल्यावर चहाच्या वेळी कोणीतरी विचारतं, ‘पूर्ण नाव काय?’, ‘मूळ गाव कुठलं?’, ‘म्हणजे तुम्ही कोणत्यातले?’ कशाची चाचपणी चालली आहे ते दोघांनाही ठाऊक असतं. ठरलेलं उत्तर तयार ठेवा: ‘गाव अमुक. पुराच्या नोंदींबद्दल काही विचारायचं होतं का?’ आवाज न चढवता विषय कामावर आणायचा. जात सांगायची की नाही हे तुम्ही ठरवायचं, विचारणाऱ्यानं नाही, आणि अभिमानानं सांगितली तर तीही पूर्ण योग्य गोष्ट आहे. मात्र जाहीर ठिकाणी जातीवरून अपमान झाला तर तो सोसायचा विषय नव्हे. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं संरक्षण आहे. वेळ, जागा, नेमके शब्द आणि तिथं हजर असलेल्यांची नावं त्याच दिवशी लिहून काढा आणि वकिलाला दाखवा. मोबाइलवर शिवीगाळ झाली तर पुसून टाकण्याआधी तारखेसह स्क्रीनशॉट आणि लिंक जपून ठेवा. रात्री उत्तर देत बसू नका.

बोलावणं आलं की लगेच ‘हो’ म्हणू नका. पाच गोष्टी विचारा: विषय कोणता, सोबत कोण बोलणार, मला किती मिनिटं, माझा क्रम कितवा, मानधन आणि प्रवासखर्च काय. यात उद्धटपणा काही नाही, नामवंत वक्ते हे सगळं विचारतातच. ८ मार्च, ११ एप्रिल, १४ एप्रिल, २६ जून या दिवशी बोलावलं तर जा, पण विषय आपला मांडा: ‘पुनर्वसनात महिलांच्या नावावर घर’ किंवा ‘पंचनाम्यात भूमिहीन का सुटतात’. आणि निघताना आयोजकाला सांगा, की याच विषयावर इतर महिन्यांतही बोलायला तयार आहे.

शासकीय बैठकीत वेगळी गोष्ट घडते. तुम्ही मुद्दा मांडता, कोणी दखल घेत नाही. दहा मिनिटांनी तोच मुद्दा एखादे साहेब मांडतात आणि इतिवृत्तात त्यांच्या नावानं जातो. यावर दोन उपाय. एक, मुद्दा एका पानावर लिहून बैठकीआधी कार्यालयात द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. पोच असली की मुद्दा कोणाचा हे ठरलेलं असतं. दोन, चार-पाच जणींनी आपसांत ठरवून घ्या, की एकीचा मुद्दा दुसरी बोलताना नाव घेऊन उचलेल: ‘ताईंनी आत्ता सांगितलं त्याच्यावर निर्णय काय?’ नाव उच्चारलं गेलं की ते नोंदवलं जाण्याची शक्यता वाढते.

राहिला पाठबळाचा प्रश्न. २१ आणि २२ मार्च १९२० ची माणगाव परिषद या जिल्ह्यात प्रत्येकाला ठाऊक आहे. शाहू महाराजांनी तिथं जमलेल्या लोकांना, डॉ. आंबेडकर हे तुमचे नेते आहेत, असं जाहीरपणे सांगितलं. त्याआधी काय घडलं होतं तेही पाहायला हवं. जानेवारी १९१९ मध्ये बाबासाहेबांनी मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढं लेखी निवेदनासह साक्ष दिली होती. ३१ जानेवारी १९२० ला त्यांचं ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू झालं होतं आणि त्याला महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. अभ्यास स्वतःचा होता, लिखाण स्वतःचं होतं, आणि ज्याच्याकडं सत्ता होती त्यानं पैसा, वेळ आणि स्वतःचा शब्द त्यामागं उभा केला. म्हणून मोठ्या माणसाकडं गेलात तर ‘मार्गदर्शन करा’ असं मोघम म्हणू नका. त्याला दहा मिनिटं बोलून तुम्हाला वाटेला लावणं त्यात फार सोपं जातं. एक पान टिपण हातात द्या आणि नेमकं मागा: ‘पुढच्या महिन्यात पुरावर परिसंवाद आहे, तिथं तुम्हाला बोलावलंय. माझं नाव सुचवाल का?’ याला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर असतं. ‘नाही’ आलं तरी टिपण त्यांच्याकडंच राहू द्या.

आणि हीच गोष्ट तुमच्याकडं कोणी मागायला येईल तेव्हासाठी एक यादी आजपासून ठेवा. ज्या कार्यक्रमाला जाता येणार नाही तिथं ‘जमणार नाही’ म्हणून फोन ठेवू नका. त्या विषयातली दोन नावं, प्रत्येकीचं काम एका ओळीत आणि तिला विचारून मोबाइल नंबर आयोजकाला कळवा. आठवड्यानं परत फोन करून त्यातल्या कोणाला बोलावलं ते विचारा.