पाचास एक

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्याकडे शिक्षकांना निवडणुकीची ड्यूटी लागते, तशी अमेरिकेत नागरिकांना ज्यूरी ड्यूटी लागते, म्हणजे कोर्टात बसून खटला ऐकायचा आणि निकाल द्यायचा. सूरही तोच. 'काय गं, चेहरा का असा?' 'अगं, ज्यूरी ड्यूटी लागली.' आणि शिक्षकांसारखंच मग ती रद्द कशी करून घ्यायची, याची खलबतं सुरू होतात.

मी न्यू जर्सीत राहते. नागरिकत्व घेऊन चार वर्षं झाली होती, तेव्हा टपालात कोर्टाचा लिफाफा आला. मराठी मैत्रिणींनी लगेच सल्ले दिले. एक म्हणाली, 'इंग्रजी समजत नाही म्हणून सांग.' बावीस वर्षं तिथल्या ऑफिसात इंग्रजीत भांडून पगारवाढ मागणाऱ्या बाईने हे कुठल्या तोंडाने सांगायचं? दुसरीचं म्हणणं, 'मतदार यादीत नाव घातलंस ना, भोग आता.' तेही खरं नव्हतं. न्यू जर्सीत ज्यूरीची यादी मतदारांबरोबर ड्रायव्हिंग लायसन्सवाल्यांतून आणि राज्याचा आयकर भरणाऱ्यांतूनही निघते. गाडी चालवायची नाही, कर भरायचा नाही आणि मतही द्यायचं नाही, असा माणूस न्यू जर्सीत शोधून दाखवा.

मी मात्र जायचं ठरवलं. कारण माझे आजोबा.

माझं माहेर गिरगावातलं. आजोबा बँकेत होते आणि पन्नासच्या दशकात एकदा फोर्टातल्या सेशन्स कोर्टात ज्यूरीवर बसले होते. मुंबईत तेव्हा नऊजणांची ज्यूरी असायची. स्वतःच्या केसबद्दल ते फारसं बोलत नसत, पण नानावटी खटल्याचा विषय निघाला की चहा गार होईपर्यंत बोलायचे. 1959 सालची ती गोष्ट तुमच्यातल्या अनेकांना तोंडपाठ असेल. नौदलातले कमांडर कावस नानावटी, त्यांनी प्रेम आहुजाला गोळ्या घातल्या, आणि ज्यूरीने आठास एक मतांनी निर्दोष ठरवलं. न्यायाधीशांना तो निकाल पटला नाही. त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं, तिथे जन्मठेप झाली, 1961 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली आणि 1964 मध्ये राज्यपालांनी माफी दिली. सगळी मुंबई त्या आठजणांबद्दल बोलत होती. आजोबा विचारायचे, 'अरे, पण तो एक कोण होता?'

आम्ही हसायचो. आजोबांचा आपला एक चाळा.

तर एका सोमवारी सकाळी आठ वाजता मी कोर्टात. मोठा हॉल, दीडेकशे खुर्च्या, कॉफीचं मशीन, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर अर्धवट लावलेलं जिगसॉ पझल. आधी एक फिल्म दाखवली. मग वाट बघणं. ज्यूरी ड्यूटीचा बराचसा भाग म्हणजे सरकारी दवाखान्यात नंबर लागायची वाट बघणं, फरक इतकाच की इथे आजारी कुणीच नसतं. मी फोनवर वाचत बसले, आणि वाचता वाचता 1908 पर्यंत पोचले.

टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला. पुरावा काय, तर केसरीतले मराठी लेख. ते वाचून न्याय कुणी करायचा? सरकारला हवी होती स्पेशल ज्यूरी. टिळकांच्या बाजूने हरकत घेतली गेली की त्यात युरोपियनच जास्त येणार आणि त्यांना मराठी येत नाही. हरकत फेटाळली गेली. शेवटी बसले सात युरोपियन आणि दोन पारशी. लेखांची भाषांतरं चुकीची आहेत, या शब्दाचा अर्थ हा नव्हे तो, असं टिळक स्वतः उभे राहून एकवीस तास समजावत होते. 22 जुलैच्या रात्री निकाल आला, सातास दोन, दोषी. सहा वर्षं काळं पाणी. 'ज्यूरीने काहीही ठरवलं तरी मी निर्दोष आहे' या अर्थाचे त्यांचे शब्द हायकोर्टाच्या त्या दालनाबाहेर कोरलेले आहेत, ते मी शाळेच्या सहलीत बघितले होते. पण ते दोघं? सातास दोन मधले दोन? त्यांची नावं आपल्यापैकी कुणाला सांगता येतील? मला तरी आली नाहीत. त्या दिवशी पहिल्यांदा आजोबांचा प्रश्न मला चाळा वाटला नाही.

तेवढ्यात माझा नंबर पुकारला.

वर कोर्टरूममध्ये प्रश्नोत्तरं असतात. न्यायाधीशबाई विचारतात, सगळ्यांसमोर. शिक्षण, नोकरी, टीव्हीवर काय बघता, आणि, खरं सांगते, गाडीवर कुठलं स्टिकर आहे का? म्हटलं, 'आहे, गणपतीचं.' बाईंनी विचारलं, ते कशासाठी? आता विघ्नहर्त्याला इंग्रजीत एका वाक्यात कसं बसवायचं? म्हटलं, 'गाडीला अपघात होऊ नये म्हणून.' हॉल हसला. वकिलांना काही ज्यूरर कारण न देता परत पाठवता येतात, आणि त्यांनी पाठवलेही. माझ्या शेजारचा विम्याच्या कंपनीतला माणूस गेला, एक फिजिओथेरपिस्ट गेली. मी राहिले. गणपतीने अपघाताच्याच केसवर बसवलं मला.

केसचे तपशील थोडे झाकून सांगते. दिवाणी दावा होता. साठीच्या पुढची एक बाई सकाळी पावणेआठला दुकानांच्या रांगेसमोरच्या पार्किंगमध्ये बर्फावर घसरून पडली. खुबा मोडला. तिने जागेच्या मालकावर आणि बर्फ उपसणाऱ्या कंत्राटदारावर दावा लावला होता.

हिमवर्षाव चालू असताना व्यावसायिक जागेच्या मालकाने बर्फ काढलाच पाहिजे असं न्यू जर्सीत नाही. वादळ थांबल्यानंतर, वाजवी वेळात काढावा. न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने 2021 मध्ये हे स्पष्ट केलं. त्यामुळे पहिले दोन दिवस आम्ही एकाच प्रश्नावर घालवले. बर्फ थांबला कधी? दोन्ही बाजूंनी हवामानतज्ज्ञ आणले होते. एक म्हणाला, पहाटे साडेचारला आकाश मोकळं. दुसरा म्हणाला, छे, सातपर्यंत भुरभुर होती. दोघांच्या हातात विमानतळावरच्या नोंदी त्याच! आपल्याकडे दोन ज्योतिषी एकाच पत्रिकेवरून दोन लग्नं ठरवतात, तसं.

मग फोटो. पडद्यावर मोठा करून दाखवलेला डांबराचा एक तुकडा. बघायला ओला वाटतो, असतो काचेसारखा गोठलेला. तिकडे त्याला ब्लॅक आइस म्हणतात. डावीकडे मीठ टाकलेली पायवाट, पांढरे खडे स्पष्ट दिसत होते. आणि उजवीकडे दोन गाड्यांच्या मधली फट, जिथून बाई गेली, कारण तिथून औषधांचं दुकान वीस पावलं जवळ होतं. पायात गुळगुळीत तळाचे बूट. हातात फोन.

बाईची साक्ष झाली तेव्हा ती काठी टेकत आली. तिने केसांना लावलेली पिन अगदी माझ्या दादरच्या मावशीसारखी. मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं. न्यायाधीशबाईंनी पहिल्या दिवशीच बजावलं होतं, सहानुभूती बाहेर ठेवून यायचं. सांगायला सोपं.

चौथ्या दिवशी दुपारी केस आमच्या हातात आली. आम्ही आठजण ऐकत होतो, पण न्यू जर्सीत दिवाणी दाव्याला सहाजण बसतात. कारकुनाने डब्यातून दोन चिठ्ठ्या काढल्या आणि ते दोघं राखीव ठरले. त्यातला एक पोरगा चार दिवस वहीत भराभर लिहीत होता. त्याचा चेहरा बारावीचा पेपर बुडाल्यासारखा झाला.

उरलेल्या आम्ही सहाजणांत एक स्कूलबसची निवृत्त ड्रायव्हर, एक फिलिपिनो नर्स, औषध कंपनीतला केमिस्ट, पिझ्झाच्या दुकानाचा मालक, कॉलेजात शिकणारी एक मुलगी आणि मी. टेबल, सहा खुर्च्या, बंद दार. हातात निकालपत्रिका, म्हणजे चक्क प्रश्नपत्रिकाच. मालकाची हयगय झाली का? हो किंवा नाही. कंत्राटदाराची? बाईची स्वतःची? तिघांचीही हयगय झाली यावर आमचं पटकन जमलं. चौथा प्रश्न असा की कुणाची किती टक्के, ते लिहा. बेरीज शंभर आली पाहिजे.

आता सांगा, एक माणूस पडतो त्यात टक्के कसे काढायचे? दोन तास आम्ही बाजारात बसल्यासारखे होतो. 'वीस.' 'छे, चाळीस तरी.' 'बरं, पस्तीस?' आणि प्रत्येक आकड्यामागे कुणाचं तरी आयुष्य होतं. पिझ्झावाल्याच्या दारात पूर्वी कुणीतरी पडलं होतं; त्याला मालकाची बाजू दिसत होती. नर्सने खुबे मोडलेली माणसं बघितली होती. बसवाली म्हणाली, 'तीस वर्षं मी बर्फात पोरं नेली-आणली. हिवाळ्यात माणसाने खाली बघून चालायचं असतं. फोनमध्ये नाही.' ती ज्या शांतपणे हे म्हणाली, त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

यातली खरी मेख न्यायाधीशबाईंनी आधीच सांगून ठेवली होती. बाईची चूक पन्नास टक्क्यांपर्यंत असेल, तर तेवढा वाटा कापून उरलेली भरपाई तिला मिळते. एक्कावन्न झाले की काहीही मिळत नाही. शून्य. म्हणजे पन्नास आणि एक्कावन्नमध्ये एका टक्क्याचं अंतर नव्हतं, तिची सगळी केस तिथे होती.

टेबलाभोवतीचा आकडा साठवर येऊन थांबला. बाई साठ, मालक वीस, कंत्राटदार वीस. नर्ससुद्धा शेवटी तिकडे गेली. मी म्हटलं, चाळीस. मी स्वतः रोज गाड्यांच्या फटीतून जाते. तुम्ही सगळे जाता. मीठ पायवाटेवरच टाकायचं आणि गाड्यांच्या मध्ये नाही, हे त्या जागेवर गाड्या लावून घेणाऱ्याने ठरवलं होतं, तिने नाही. केमिस्टने ऐकून घेतलं, मान हलवली, आणि म्हणाला, 'मला तरी साठच वाटतात.'

सिनेमात अशा वेळी एकटा माणूस हळूहळू सगळ्यांना फिरवतो. तिथे त्याची गरज नव्हती. दिवाणी दाव्यात सहापैकी पाचांचं एकमत पुरतं. माझ्यावर कुणी आवाज चढवला नाही, कुणी समजूत काढत बसलं नाही. बसवालीने फक्त विचारलं, 'हनी, पाच झालेत. चालेल ना?' मी म्हटलं, 'चालेल म्हणजे काय, झालेच आहेत.'

निकालपत्रिकेवर पुढचा प्रश्न भरपाईच्या रकमेचा होता. न्यू जर्सीत वकील वेदनेची किंमत आकड्यात सांगत नाहीत, तशी मुभाच नाही. तो आकडा ज्यूरीने काढायचा. त्यासाठी एक लांब रेघ आखलेली होती. आणि तिच्या वर छापलं होतं, वादीचा वाटा पन्नासपेक्षा जास्त असेल तर इथेच थांबा. आम्ही थांबलो. ती रेघ कोरी राहिली. चार दिवसांतलं काही माझ्या डोळ्यांसमोरून जात नसेल, तर ती रेघ.

कोर्टात परत आल्यावर निकाल वाचला गेला. मग प्रत्येकाला उभं करून विचारतात, तुम्ही सहमत आहात का? 'येस.' 'येस.' पाच वेळा. माझी पाळी आली. ती बाई माझ्याकडे बघत होती, तिच्या वकिलाने तिला हळूच काहीतरी सांगितलेलं. मी म्हटलं, 'नो.' न्यायाधीशबाईंनी नोंद केली, आमचे आभार मानले, आणि आम्ही मोकळे. त्या 'नो'ने जगात काडीचाही फरक पडला नाही. तिला त्याचं काय वाटलं असेल, कळायला मार्ग नाही. आणि मी ते मावशीच्या पिनेमुळे म्हटलं का, हेही मी खात्रीने सांगू शकत नाही.

पार्किंगकडे चालताना मी आणि बसवाली बरोबर होतो. ती म्हणाली, 'तू बरोबर असशीलही.' आणि तिच्या गाडीत बसून गेली.

आपल्याकडे आता ज्यूरी नाही. नानावटी खटल्याने ती बंद पडली असं सगळे सांगतात, पण कायदा आयोगाने त्या खटल्याच्या आधीच, 1958 मध्ये, ती काढून टाकावी असं सुचवलं होतं, आणि 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ती उरली नाही. एक शेपूट मात्र शिल्लक आहे. पारशी विवाह न्यायालयात घटस्फोटाच्या दाव्याला समाजातले पाच डेलिगेट न्यायाधीशांबरोबर बसतात, मुंबईतसुद्धा. हे मला तिकडे जाऊन कळलं.

काही आठवड्यांनी टपालाने ज्यूरीच्या मानधनाचा चेक आला. पहिले तीन दिवस रोजचे पाच डॉलर, चौथ्या दिवसापासून चाळीस. एकूण पंचावन्न. माझ्या नवऱ्याने त्यातून पिझ्झा मागवला.

गेल्या जानेवारीत रात्रभर बर्फ पडला. पहाटे मला जाग आली, खिडकीतून बघितलं तर दिव्याच्या उजेडात एकही भुरका उडत नव्हता. मी उठले, गॅरेजमधून मिठाची पिशवी काढली आणि पायऱ्यांपासून थेट गाड्यांच्या मधल्या फटीपर्यंत टाकत गेले. नवरा दारात येऊन म्हणाला, 'अगं, पाच वाजलेत!'

'चार पन्नास,' मी म्हटलं. 'लक्षात ठेव.'