बेल्ट बसून लावायचा

[दृश्य: पोलीस ठाण्याची मागची खोली. टेबलावर तपकिरी चामडी बेल्ट. शेजारी पिस्तुलाचं रिकामं होल्स्टर, मॅगझिनचा (पिस्तुलात घालायच्या गोळ्यांच्या डबीचा) पाऊच, बेड्या, बॅटरी, वॉकीटॉकी.]

नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीतलं प्रशिक्षण संपवून नवा फौजदार मराठवाड्यातल्या एखाद्या ठाण्यात हजर होतो. कायद्याची कलमं तोंडपाठ असतात, कवायत अंगात भिनलेली असते, नेमबाजीही झालेली असते. राहतो तो कमरेचा बेल्ट. त्यावर काय कुठं अडकवायचं हे बहुतेक जण आरशापुढं उभं राहून ठरवतात. आरशात सगळंच रुबाबदार दिसतं.

या ठाण्यातले सहायक फौजदार आता निवृत्तीला आलेत. सगळे त्यांना मामा म्हणतात, नवे साहेबसुद्धा. साहेब बेल्ट चढवत होते आणि मामा दारातून बघत होते.

"साहेब, उभ्यानं कामून लावायलात? आधी बसून बघा की."

ग्रामीण ठाण्यातल्या अधिकाऱ्याची ड्युटी उभ्यानं थोडी आणि बसून जास्त होते. जीपमध्ये, खुर्चीत, कोर्टाच्या बाकावर. उभ्यानं नीट वाटलेला बेल्ट बसल्यावर बरगडीत टोचतो, जीपच्या दाराला घासतो, आणि हात जिथं पोचायला हवा तिथं पोचू देत नाही.

[दृश्य: ठाण्याचं आवार. बोलेरोच्या पुढच्या डाव्या सीटवर साहेब.]

तर आधी जीप. आपल्याकडं साहेबांची जागा ड्रायव्हरच्या शेजारी, डावीकडं. या सीटच्या सीटबेल्टची क्लिप बसते उजव्या कमरेशी. उजव्या हातानं काम करणाऱ्या माणसाचं पिस्तूलही तिथंच. दोघांचं भांडण ठरलेलं. पट्टा पिस्तुलाच्या मुठीवर चढला, तर घाईनं उतरताना तो मुठीतच गुंततो. म्हणून पट्टा मुठीच्या खालून जातोय का, हे बघायचं. क्लिप सोडायची ती डाव्या हातानं, आणि त्याच हातानं पट्टा बाजूला सारायचा, म्हणजे उतरताना उजवा हात मोकळा. डावा हात पोटावरून पलीकडं जाणार, म्हणून बक्कलच्या उजवीकडं पोटाशी काहीही लावायचं नाही. ड्रायव्हरचं याच्या उलट. त्याची क्लिप डावीकडं, तेव्हा त्यानं वॉकीटॉकी डाव्या कमरेवर नेमकी ठेवली की संपलं. (पोलीस स्वतः सीटबेल्ट लावतात का, हा वेगळ्या फिल्मचा विषय आहे.)

हा सगळा सराव मामा पिस्तूल रिकामं करून, चेंबर दोनदा तपासून करून घेतात. राउंड, म्हणजे गोळ्या, टेबलावरही नसतात. दुसऱ्या खोलीत असतात.

[दृश्य: अगदी जवळून, मॅगझिनचा पाऊच. बोट आत जातं.]

मॅगझिन डावीकडं, बक्कलच्या जवळ. उजव्या हातात पिस्तूल असताना नवं मॅगझिन आणायचं काम डाव्या हाताचं. पाऊचमध्ये ते उलटं उभं ठेवायचं, तोंड खाली, आणि गोळ्यांची टोकं बक्कलकडं. असं ठेवलं की बाहेर काढताना डाव्या हाताची तर्जनी आपोआप मॅगझिनच्या पुढच्या कडेवर येते आणि अंधारातही बोट वाट दाखवतं. टोकं मागं करून ठेवलं तर हातात आल्यावर ते फिरवावं लागतं. आपल्याकडच्या पोलिसांच्या ओळखीचं 9 मिमी पिस्तूल ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनतं आणि त्याच्या मॅगझिनमध्ये 13 राउंड बसतात. ज्याला .38 चं रिव्हॉल्व्हर मिळालंय, त्याला मॅगझिनच्या पाऊचची गरजच नाही. तरीही बेल्ट भरलेला दिसावा म्हणून रिकामा पाऊच लावणारे आहेत.

मग डोरी. पिस्तुलाच्या मुठीच्या तळाला एक कडी असते, तिथून निघालेली डोरी अंगावरच्या गणवेशाला बांधलेली असते. गर्दीत कुणी पिस्तूल हिसकलं तरी ते लांब जाऊ नये, एवढ्यासाठी. तिची लांबी बघायची तर रिकामं पिस्तूल धरलेला हात पूर्ण ताणायचा. डोरी ओढ देत असेल तर आखूड आहे. बसल्यावर तिचा फास लोंबून गिअरच्या दांड्यापर्यंत जात असेल तर लांब आहे. साहेबांची लोंबत होती. मामांनी एक गाठ मारून दिली.

[दृश्य: पाठमोरे साहेब. मणक्यावर, बेल्टच्या मधोमध, बेड्यांचा पाऊच.]

जागा मोकळी दिसते म्हणून नवी मुलं बेड्या पाठीच्या मधोमध लावतात. ही जागा रिकामीच राहू द्यावी. झटापटीत माणूस उताणा पडतो, आणि मणका व जमीन यांच्या मध्ये लोखंड येतं. उन्हाळ्यात नांगरून ठेवलेल्या काळ्या रानात पडायची वेळ आली, तर ढेकळंही दगडाइतकीच कडक असतात. पडलं नाही तरी दिवसभर जीपची सीट त्या बेड्या पाठीत दाबत राहते. बेड्या थोड्या बाजूला, डाव्या कुल्ल्याच्या मागच्या अंगाला सरकवाव्यात. किल्ली मात्र पाऊचमध्ये नको. ती वेगळी, दोन्हीपैकी कुठलाही हात पोचेल अशी. घातलेल्या बेड्या आणखी आवळू नयेत म्हणून त्यांना दुसरं कुलूप असतं. ते किल्लीच्या टोकावरच्या बारीक खुंटीनं लावायचं. हे विसरलं की समोरच्याचं मनगट काळंनिळं होतं आणि उत्तर आपल्याला द्यावं लागतं.

पण मुळात बेड्या रोज बेल्टवर हव्यातच का? सर्वोच्च न्यायालयानं 1980 मध्ये, प्रेमशंकर शुक्ला खटल्यात, सरसकट बेड्या घालणं घटनेला धरून नाही असं बजावलं. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 43 ठरावीक गंभीर गुन्ह्यांत आणि सराईत किंवा पळून गेलेल्या आरोपीला बेड्या घालायची मुभा देतं. बांधाच्या भांडणाचा पंचनामा करायला निघालेल्या फौजदाराच्या कमरेला त्या नसल्या तर काही बिघडत नाही. वजन तेवढं कमी.

याच संहितेनं बेल्टवर एक नवी वस्तू आणलीय, ती म्हणजे मोबाईल. 1 जुलै 2024 पासून झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायचं असतं. शर्टाच्या खिशातला फोन वाकलं की पडतो, आणि नेमकं वाकावं लागतं तेव्हाच शूटिंग चालू असतं. डाव्या बाजूला, वॉकीटॉकीच्या मागं, झाकण असलेल्या पाऊचमध्ये तो बरा राहतो. बॅटरीही डाव्याच हाताची. म्हणजे डावी बाजू गच्च होते आणि उजवीकडं एकटं पिस्तूल. आरशात हे एकांगी दिसतं, काही साहेबांना खटकतं. दिसू द्यावं.

[दृश्य: परदेशी बेल्टचं रेखाचित्र. बाणांनी वस्तू दाखवल्या आहेत.]

अमेरिकेतले बेल्ट बघून आपल्या पोरांना हेवा वाटतो. तिथं बरेचदा एकटा शिपाई गाडी घेऊन गस्त घालतो, म्हणून सगळं त्याच्या एकट्याच्या कमरेला. पिस्तूल, दोन मॅगझिन, बेड्या, दांडकं, मिरचीचा फवारा, विजेचा झटका देणारा टेझर. पिस्तूल आणि टेझर यांची गल्लत होऊ नये म्हणून एक उजवीकडं, दुसरं डावीकडं. तरीही एप्रिल 2021 मध्ये मिनेसोटात एका अनुभवी पोलीस अधिकारी बाईंनी टेझर, टेझर असं ओरडत पिस्तूल चालवलं आणि एक तरुण जिवानिशी गेला. वस्तूची जागा बरोबर होती. हाताला ती पुरेशी मुरलेली नव्हती. म्हणून मामांचा दुसरा आग्रह असा, की एकदा लावलेली जागा हलवायची नाही. आज वॉकीटॉकी इथं, उद्या तिथं, हे चालणार नाही.

यात एक अडचण आहे, आणि ती ठाण्याच्या समोरच्या हॉटेलात तयार होते. कमरेचा घेर वाढला की बेल्टचं एक भोक पुढं जातं, आणि वस्तूंच्या जागा बोटभर सरकतात. हाताला ओळखीची जागा तिथं उरत नाही. पट्टे पुन्हा मोजून लावायचे, नाहीतर भजी कमी करायची.

संचलनातला क्रॉस बेल्ट ही आणखी निराळी चीज. सॅम ब्राउन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याचा डावा हात 1858 च्या लढाईत गेला. एका हातानं तलवार सावरेना, म्हणून त्यानं खांद्यावरून आडवा जाणारा पट्टा शोधून काढला. तो आजही संचलनात दिसतो, आणि मराठवाड्यात 17 सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनामुळं तो चढवायचा एक दिवस जास्तीचा येतो. रोजच्या कामात त्याचा उपयोग नाही.

[दृश्य: तुळजापूर, नवरात्र. मंदिराकडं जाणाऱ्या उताराच्या गल्ल्या, भाविकांची रीघ.]

नवरात्रात तुळजापूरला बंदोबस्त लागतो आणि बाहेरच्या जिल्ह्यांतूनही माणसं येतात. बेल्टची खरी परीक्षा या गल्ल्यांत होते. पुढं-मागं, दोन्ही बाजूंनी माणसंच. बाहेर आलेली प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी पिशवीत, पदरात, कडेवरच्या लेकराच्या पायात अडकते. ज्याच्या होल्स्टरचं बटण सैल आहे, त्याचा उजवा कोपर दिवसभर होल्स्टरवर दाबलेला राहतो, संध्याकाळी खांदा भरून येतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात चामडं घामानं ओलं होतं, पाऊचची बटणं गंजतात. ज्यांना शस्त्र दिलेलं नाही, त्यांचं काम शिट्टी, लाठी आणि वॉकीटॉकीवर भागतं. लाठी बेल्टला लागत नाही, ती हातातच.

नव्या साहेबांनी बंदोबस्ताला निघताना बेड्या आणि जादा पाऊच कपाटात ठेवले. मामांनी बघितलं, बोलले काहीच नाहीत, फक्त पाण्याची बाटली पुढं केली. ती अडकवायला या बेल्टवर सोय नाही. साहेबांनी ती डाव्या हातात धरली.