ओव्हरक्लॉकिंग करायचंय? आधी व्होल्टेज समजून घ्या

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे कंपनीने ठरवून दिलेल्या स्पीडपेक्षा प्रोसेसर जास्त पळवणं. 1998 मध्ये इंटेलचा सेलेरॉन 300ए हा प्रोसेसर आला. 66 मेगाहर्ट्झची बस (बोर्डची मूळ स्पीड), साडेचारचा मल्टिप्लायर (तिला जितक्याने गुणायचं तो आकडा), म्हणून 300. लोकांनी मदरबोर्डवर बस 66 ची 100 केली आणि तोच स्वस्तातला प्रोसेसर 450 वर पळायला लागला, दीडपट स्पीड फुकटात! तेव्हापासून हे वेड पसरलं. आता तेवढं मिळत नाही, कारण कंपन्याच बूस्टच्या (लोड आला की आपोआप वाढणारी स्पीड) नावाखाली प्रोसेसर बराचसा ताणून देतात, पण शिकण्यासारखं अजून खूप आहे.

गणित आजही तेच, बेस क्लॉक (तेव्हाच्या बससारखी मूळ स्पीड) 100 आणि मल्टिप्लायर 42 म्हणजे 4200 मेगाहर्ट्झ. बेस क्लॉकला हात लावू नका, बाकीचं पण त्यावर चालतं, फक्त मल्टिप्लायर बदला. इंटेलमध्ये त्यासाठी नावात के असलेला प्रोसेसर आणि झेड चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डवरची मुख्य चिप) बोर्ड लागतो. एएमडीचे बहुतेक रायझन अनलॉक असतात, म्हणजे मल्टिप्लायर बदलता येतो, पण ए320 किंवा ए520 चिपसेटच्या बोर्डवर ते होत नाही, सो विकत घेण्याआधी बघा.

आता मुख्य मुद्दा, आणि हा नीट ऐका. प्रोसेसर खराब होतो तो मुख्यतः व्होल्टेज आणि उष्णतेने, नुसत्या स्पीडने नाही. पॉवर ही फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा एएमडीचा रायझन 5 3600 आपण 4.0 गिगाहर्ट्झवरून 4.2 वर नेला आणि त्यासाठी व्होल्टेज 1.2 व्होल्टचं 1.3 करावं लागलं, तर स्पीड वाढली 5 टक्के आणि पॉवर साधारण 23 टक्के. ती सगळी उष्णता कूलरला बाहेर काढायचीय. म्हणून बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडता येणारी बोर्डची सेटिंग) मल्टिप्लायर वाढवताना व्होल्टेज ऑटोवर ठेवू नका, बरेच बोर्ड अशा वेळी गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देतात. या प्रोसेसरला फिक्स 1.3 च्या वर मी तरी कुणाला जायला सांगणार नाही.

करायचं कसं, तर आधी काहीही न बदलता फुल लोडवर तापमान किती जातं ते एचडब्ल्यूइन्फो या तापमान वगैरे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये बघून लिहून ठेवा, डेटाचा बॅकअप घ्या, मग व्होल्टेज फिक्स करून मल्टिप्लायर एक पायरी वाढवा, सिनेबेंच ही प्रोसेसरवर लोड टाकणारी टेस्ट चालवा, परत एक पायरी. एका वेळी एकच गोष्ट, नाहीतर क्रॅश कशामुळे झाला ते कळत नाही. अडकलं तर एक पायरी मागे या. पीसी चालूच झाला नाही तर घाबरायचं नाही, पॉवर केबल काढून बोर्डवर क्लिअर सीमॉसचा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) लावला की सेटिंग मूळ जागी येतात.

सिनेबेंच पास झालं म्हणजे स्टेबल, असं मात्र समजू नका. ओसीसीटी किंवा प्राइम95 यासारखी जड टेस्ट तासभर तरी चालवा आणि एचडब्ल्यूइन्फोमध्ये खाली डब्ल्यूएचईए एररची (विंडोजने पकडलेल्या हार्डवेअरच्या चुकांची) ओळ असते ती बघत रहा. तिथे शून्य पाहिजे. कित्येकदा गेम मस्त चालतो, स्क्रीनवर काहीच दिसत नाही, आणि तिथे आकडा 3, 4, 7 असा चढत असतो. म्हणजे प्रोसेसर चुकतोय, अशाने एखाद दिवशी फाइल करप्ट होते आणि कारण सापडत नाही.

तापमानाचं आपल्याकडे वेगळं गणित आहे. डिसेंबरमध्ये 25 अंशांच्या खोलीत प्रोसेसर 80 ला असेल तर मे महिन्यात नागपूरला 40 अंशांच्या खोलीत तोच साधारण 95 ला जाणार, आणि 3600 ची मर्यादाच 95 आहे, तिथे तो स्वतःच स्पीड कमी करतो. म्हणजे मेहनत वाया. टेस्ट उन्हाळ्यात करा किंवा 15 अंशांची जागा सोडा, आणि सोबत मिळालेल्या छोट्या कूलरवर हे करूच नका.

बजेट कमी असेल तर मी उलटं सुचवीन, व्होल्टेज थोडं कमी करा. रायझन 5000 पासून बऱ्याच मॉडेल्सना कर्व्ह ऑप्टिमायझर ही व्होल्टेज कमी-जास्त करायची सेटिंग आहे, त्यात सगळ्या कोअरना उणे 10 देऊन सुरुवात करा आणि वरच्याच टेस्ट चालवा. प्रोसेसर थंड राहतो आणि त्यामुळे बूस्ट जास्त वेळ टिकतो.